रूप आणि निदान : खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांच्या उपचारलेखनाची चिकित्सा

१. प्रस्तावना

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द दोन क्षेत्रांत वापरला जातो. वैद्यकात तो रोगावरील उपचाराचा वाचक आहे, तर वैचारिक वाङ्मयात तो एखाद्या ग्रंथाच्या, रूढीच्या किंवा मताच्या साक्षेपी परीक्षणासाठी योजला जातो. प्रस्तुत लेखात हे दोन्ही अर्थ एका विषयाच्या निमित्ताने एकत्र आले आहेत. खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या माशांना रोग झाला असता काय करावे हे सांगणारे जे लेखन सर्वसामान्य पाळकाच्या हाती पडते, त्या लेखनाची चिकित्सा करणे हा या लेखाचा उद्देश आहे. औषधाच्या बाटलीवरील सूचना, दुकानात मिळणारी पत्रके, छंदविषयक पुस्तिका व सदरे या सर्वांचा समावेश येथे ‘उपचारलेखन’ या संज्ञेत केला आहे.

सह्याद्रीच्या कुशीतील मुळशी तालुक्यात बसून समुद्री माशांचा विचार करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु गेल्या दोन दशकांत हिंजवडी, माण, मारुंजी, सूस, बावधन या परिसराचा जो कायापालट झाला, त्याबरोबर नव्या गृहसंकुलांत आणि कार्यालयांत काचेच्या मोठ्या टाक्याही आल्या. ज्या मुळशी धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यातून भिरा येथे कोकणात उतरते, त्याच तालुक्यात आता गोड्या पाण्यात क्षार मिसळून समुद्राचे पाणी तयार केले जाते. एक लिटर पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात तीनशे लिटरच्या टाकीस साडेदहा किलो क्षारमिश्रण लागते. किनाऱ्यापासून दूर असलेल्या अशा पाळकाला समुद्र माहीत नसतो, माशांचा डॉक्टर जवळ नसतो आणि त्याचा सारा भरवसा लिखित किंवा ऐकीव सल्ल्यावर असतो. म्हणूनच त्या सल्ल्याचे स्वरूप तपासणे अगत्याचे ठरते.

या लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, प्रचलित उपचारलेखनाचा मूलभूत दोष औषधांच्या निवडीपेक्षाही आधीच्या पायरीवर आहे. ते निदानाची पायरीच वगळते आणि दिसणाऱ्या चिन्हालाच रोगाचे नाव देते.

२. परीक्षणाचा निकष

कोणत्याही लेखनाचे परीक्षण करताना निकष हवा. तो येथे भारतीय वैद्यकपरंपरेतूनच घेता येतो. आयुर्वेदात निदान हे स्वतंत्र शास्त्र मानले गेले. ‘रोगविनिश्चय’ या नावानेही ओळखला जाणारा माधवकराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ केवळ रोगपरीक्षेला वाहिलेला आहे. या परंपरेने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत. रोगाचे कारण म्हणजे हेतू (यालाच निदान असेही म्हणतात), रोग पूर्ण प्रकट होण्याआधीची चिन्हे म्हणजे पूर्वरूप, प्रकट लक्षणे म्हणजे रूप, औषध किंवा आहारविहाराने पडणारा उतार म्हणजे उपशय आणि रोग शरीरात घडत जाण्याचा क्रम म्हणजे संप्राप्ती. यांनाच निदानपंचक म्हणतात.

आयुर्वेदीय औषधे माशांना लागू पडतात असा येथे दावा नाही. सूक्ष्मजीवांचे ज्ञान त्या काळी उपलब्ध नव्हते हेही उघड आहे. परंतु केवळ रूपावरून रोगाचा निश्चय करू नये, ही जी शिस्त या पंचकात आहे, ती आजच्या परजीवीशास्त्राशी पूर्णपणे सुसंगत आहे. ग्रंथपरीक्षणाची चौकट म्हणून तिचा उपयोग पुढे केला आहे.

३. तीन रकान्यांचा तक्ता

उपचारलेखनाचा सर्वांत लोकप्रिय घाट म्हणजे तीन रकान्यांचा तक्ता : लक्षण, रोग आणि औषध. ‘अंगावर पांढरे ठिपके : पांढरे ठिपके रोग : अमुक थेंब’ अशी त्याची रचना असते. येथे पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातील मजकूर एकच आहे हे सहसा वाचकाच्या ध्यानात येत नाही. लक्षणालाच रोगाचे नाव दिल्याने मधला रकाना भरल्यासारखा दिसतो. वस्तुतः तो रिकामा असतो. तर्कशास्त्राच्या भाषेत ही पुनरुक्ती आहे. ‘माशाच्या अंगावर पांढरे ठिपके का आहेत? कारण त्याला पांढरे ठिपके रोग झाला आहे’ या उत्तरात कोणतेही ज्ञान नाही. ‘मखमली रोग’, ‘कापूस रोग’, ‘पर कुजणे’ ही नावेही याच पद्धतीने घडली आहेत.

या तक्त्याचा दुसरा दोष त्याच्या उगमात आहे. आपल्याकडील उपचारलेखन प्रामुख्याने गोल्डफिश, गप्पी, मॉली अशा गोड्या पाण्यातील वा तेथे रुळलेल्या माशांना गृहीत धरते. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा पाळक तोच सल्ला तसाच उचलतो. गोड्या पाण्यातील पांढऱ्या ठिपक्यांचा कारक जीव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस हा आहे. त्यावर ‘मीठ टाका आणि तापमान वाढवा’ हा घरगुती सल्ला बऱ्याच अंशी उपयोगी पडतो, कारण तो जीव क्षार आणि तीस अंशांवरील उष्णता फारशी सहन करू शकत नाही. समुद्री माशांवरील ठिपक्यांचा कारक जीव क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हा वेगळा आहे. तो मुळातच खाऱ्या पाण्यात राहतो आणि उष्ण कटिबंधातील समुद्राचे तापमान त्याला मानवते. अशा टाकीत तापमान वाढवले तर परजीवी मरत नाही. उलट पाण्यातील विरघळलेला प्राणवायू कमी होऊन, ज्याचे कल्ले आधीच इजा पावले आहेत तो मासा गुदमरतो.

याच्या उलट उदाहरणही आहे. गोड्या पाण्यात नायट्राइटचे अल्प प्रमाणही घातक ठरते. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडमुळे मात्र माशाला त्यापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे एका पाण्यातील धोका दुसऱ्या पाण्यात तेवढ्याच तीव्रतेने लागू होत नाही. याचे मूळ शरीरक्रियेत आहे. गोड्या पाण्यातील मासा पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरत असते. समुद्री माशाच्या रक्ताची क्षारता भोवतालच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे त्याच्या शरीरातून पाणी सतत बाहेर जाते आणि ते भरून काढण्यासाठी त्याला समुद्राचे पाणी प्यावे लागते. टाकीत ओतलेले प्रत्येक द्रव्य तो गिळतो. हा भेद ज्या लेखनाच्या हिशेबीच नाही, ते लेखन समुद्री माशांसाठी नाही असे म्हणणे भाग आहे.

४. एक रूप, अनेक रोग

रूपावर विसंबण्याचा धोका किती मोठा आहे हे पाहण्यासाठी समुद्री माशाच्या अंगावरील पांढरट खुणेचेच उदाहरण घेऊ. या खुणेमागे किमान पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, क्रिप्टोकॅरियॉन. हा केसलयुक्त एकपेशीय जीव असून तो त्वचेच्या बाह्यस्तराखाली शिरून राहतो. ठिपके मिठाच्या कणांसारखे, सुटे आणि मोजता येण्याजोगे दिसतात. दुसरी, अमायलोओडिनियम ओसेलेटम. हा कशाभिकायुक्त जीव आहे. त्याचे ठिपके अतिसूक्ष्म, पिठाची किंवा सोनेरी धुळीची फक्की मारल्यासारखे दिसतात आणि कित्येकदा दिसण्यापूर्वीच मासा मरतो. तिसरी, ब्रुकलिनेला होस्टिलिस. याचे वर्णन लोम व निग्रेली यांनी १९७० मध्ये केले. विदूषक माशांत हा विशेष आढळतो आणि त्यात ठिपक्यांऐवजी बुळबुळीत स्रावाचे पांढरट पापुद्रे सुटतात. चौथी, लिम्फोसिस्टिस हा विषाणुजन्य विकार. त्यात परांच्या कडांवर फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या गाठी येतात. पाचवी, काहीच नाही. म्हणजे वाळूचा कण, हवेचा बुडबुडा किंवा ओरखड्यावर साचलेला स्राव.

या पाचांचे उपचार एकमेकांपासून भिन्न, किंबहुना परस्परविरोधी आहेत. तांब्याच्या औषधाने पहिल्या दोहोंचे पाण्यात पोहणारे रूप मरते, पण ब्रुकलिनेलावर ते निष्प्रभ ठरते. तेथे फॉर्मेलिन वापरावे लागते. लिम्फोसिस्टिसवर औषधच नाही. पाणी आणि आहार सुधारला तर तो बहुधा आपोआप ओसरतो आणि अशा माशाला तांबे दिल्यास केवळ त्याची प्रतिकारशक्ती खच्ची होते. पाचव्या प्रकारात तर निरोगी माशाला विष पाजले जाते. तक्त्यातील एका ओळीने या पाचही माशांना एकच बाटली दिली आहे.

तांब्याची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या फवारत आला आहे आणि प्रमाण चुकले तर पाने करपतात हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. टाकीतील माशासाठी मुक्त तांब्याची उपचारमात्रा लिटरला सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकी अल्प मानली जाते. तीहून खाली परजीवी जगतो, थोडे वर गेल्यास मासा दगावतो. शिवाय टाकीतील प्रवाळवाळू आणि चुनखडीचे दगड तांबे शोषून घेतात. त्यामुळे सकाळी ओतलेली मात्रा संध्याकाळी तेवढीच राहील याची खात्री नसते. कोळंबी, शंख, समुद्रफूल आदी अपृष्ठवंशीय जीव या मात्रेतही मरतात. म्हणजे स्वतंत्र टाकी आणि तांबे मोजण्याचा संच यांच्याशिवाय हा उपचार करणेच अयोग्य आहे. ‘दहा लिटरला अमुक थेंब’ या सूचनेत यांपैकी कशाचाही मागमूस नसतो.

५. पूर्वरूप : जे तक्त्यात येत नाही

अमायलोओडिनियम हा जीव प्रथम कल्ल्यांवर बसतो. तेथील पापुद्रे सुजतात आणि श्वसन बिघडते. या अवस्थेत मासा वरवर स्वच्छ दिसतो. मात्र त्याचे कल्ल्यांचे झाकण भरभर हलू लागते, तो पंपाच्या प्रवाहासमोर तोंड करून स्थिर राहतो, प्रकाश टाळतो, अन्नाकडे पाठ फिरवतो. हे पूर्वरूप होय. त्वचेवर भुकटी दिसेपर्यंत थांबणाऱ्या पाळकाच्या हाती फार थोडा वेळ उरलेला असतो.

तक्त्याचा पहिला रकाना नेमका अशाच चिन्हांना जागा देत नाही, कारण ती चित्रात दाखवता येत नाहीत. ठिपका छापता येतो. श्वासाचा वेग छापता येत नाही. तो मोजावा लागतो आणि मोजण्यासाठी निरोगी असताना त्या माशाचा वेग किती होता हे ठाऊक असावे लागते. म्हणून चांगल्या उपचारलेखनाने पाळकाला रोगाची चित्रे देण्याआधी निरोगी माशाची दैनंदिन नोंद ठेवायला शिकवले पाहिजे. हा भाग आपल्या लेखनात अभावानेच आढळतो.

६. संप्राप्ती आणि ‘गुण आला’ हा आभास

रोगाच्या क्रमाचे अज्ञान हे खोट्या औषधांच्या प्रतिष्ठेचे खरे कारण आहे. क्रिप्टोकॅरियॉनचे जीवनचक्र चार अवस्थांत चालते. माशाच्या त्वचेखाली तो साधारण तीन ते सात दिवस वाढतो. मग आपण होऊन मासा सोडतो, तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत विभाजन पावतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एका कवचातून शंभर-दोनशे पोहणारी पिल्ले बाहेर पडतात आणि त्यांना एकदोन दिवसांत नवा आश्रयदाता शोधावा लागतो. औषधाचा मारा बसतो तो या पोहणाऱ्या अवस्थेवर. त्वचेखालील आणि कवचातील जीव बव्हंशी सुरक्षित राहतात.

या क्रमाचा अर्थ असा की पहिले ठिपके औषधाविनाही चार-सहा दिवसांत नाहीसे होतात. पाळक पहिल्या दिवशी काही तरी टाकतो, पाचव्या दिवशी ठिपके दिसत नाहीत आणि तो ‘गुण आला’ म्हणतो. ते ‘काही तरी’ कधी दुकानातील हिरवे-निळे द्रावण असते, कधी खाद्यात भिजवलेली लसूण असते. लसणीने माशाची भूक वाढल्यासारखी वाटत असली तरी तिने टाकीतील परजीवीचे निर्मूलन होते असा समाधानकारक पुरावा नाही. आठ-पंधरा दिवसांनी ठिपके दसपटीने परततात तेव्हा तो नवा रोग समजला जातो आणि नवी बाटली आणली जाते. संप्राप्ती माहीत असलेला मनुष्य ठिपके गेल्यावरही उपचार आणि विलगीकरण काही आठवडे चालू ठेवतो. एका वाक्यातील हा फरक माशाच्या जिवाइतका मोठा आहे.

येथे इतिहासातील एक बाब नोंदवण्याजोगी आहे. अमायलोओडिनियमचे वर्णन ब्राउन या संशोधिकेने १९३१ मध्ये केले (तेव्हा त्याचे प्रजातिनाम ओडिनियम असे होते) आणि क्रिप्टोकॅरियॉनला आजचे नावही तिनेच १९५१ मध्ये दिले. दोन्ही टिपणे लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकातून आली. दिसायला सारखे भासणारे दोन रोग एकाच अभ्यासकाने सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे केले. योगायोग असा की त्याच १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय लोकांसाठी खुले झाले. २०२० च्या टाळेबंदीत ते बंद होईपर्यंत समुद्री माशांची ओळख महाराष्ट्राला ज्या वास्तूने करून दिली, ती हीच. म्हणजे मासे पाहण्याची आपली सवय आणि त्यांच्या या रोगाचे शास्त्रीय नाव समवयस्क आहेत. पाहण्याची सवय घरोघरी पोचली. ते नाव मात्र मराठी उपचारलेखनात अजून रुजायचे आहे.

७. हेतू : पाण्याची साक्ष

ज्याला रोग समजले जाते त्यातील पुष्कळ भाग पाण्याचा दोष असतो. अमोनियाचे उदाहरण पुरेसे आहे. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. त्यांपैकी आयनरहित रूप विषारी आणि ते किती असेल हे सामूवर अवलंबून असते. सामू ७ असताना हे प्रमाण एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी असते; समुद्री टाकीच्या ८.२ सामूला ते दहापटींहून अधिक होते. म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीत खपून जाणारा अमोनिया समुद्री टाकीत प्राणघातक ठरतो.

प्रवासात याचेच नाट्य घडते. पिशवीतील माशाच्या उच्छ्‌वासातील कर्बवायूमुळे पाण्याचा सामू उतरतो आणि साचलेला अमोनिया काही काळ निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडून ठेवली, की कर्बवायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी बनतो. मासा तडफडतो, कल्ले लाल होतात. घरी आल्यावर तासाभरात दिसणाऱ्या या लक्षणांना ‘संसर्ग’ समजून प्रतिजैविक दिले जाते. ते प्रतिजैविक टाकीतील अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट करणाऱ्या उपकारक जिवाणूंनाही मारू शकते आणि अमोनिया आणखी वाढतो. हेतू न शोधता केलेला उपचार स्वतःच हेतू कसा बनतो याचे हे बोलके उदाहरण आहे.

प्रश्न एका टाकीपुरता राहत नाही. किनारी मत्स्यशेतीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील द्रव्यांच्या वापरास आपल्या देशात बंदी आहे. शोभेच्या माशांच्या औषधांत मात्र नायट्रोफ्युरान गटातील घटक आढळतात आणि ते निदानाशिवाय ओतले जातात. उपचार संपल्यावर तांबे, फॉर्मेलिन आणि प्रतिजैविके असलेले पाणी मोरीत जाते व मुळशीच्या या भागात मोरीची वाट अखेर मुळा नदीच्या खोऱ्याकडेच जाते.

८. उपशय : उपचारातून निदान

लक्षणे गूढ असतील तेव्हा उपशय व अनुपशय यांच्या साहाय्याने रोगाची परीक्षा करावी असा विचार चरकसंहितेत आहे. समुद्री माशांच्या बाबतीत याचे नेमके प्रतिरूप म्हणजे गोड्या पाण्याची अल्पकाळ डुबकी. सामू आणि तापमान जुळवलेल्या, क्लोरीनरहित गोड्या पाण्यात मासा तीन ते पाच मिनिटे देखरेखीखाली ठेवला, तर निओबेनेडेनियासारखे चपटे कृमी, जे एरवी पारदर्शक असल्याने दिसत नाहीत, ते पांढरे पडून भांड्याच्या तळाशी तिळासारखे उतरतात. उपचार आणि निदान एकाच कृतीत साधते. अर्थात अंड्यांचा प्रश्न उरतोच, म्हणून ही कृती पुरेशी नसते. पण काय झाले आहे ते कळते.

क्षारता उतरवण्याचा उपचारही असाच बोलका आहे. पाण्याची क्षारता हजारी ३५ वरून क्रमाक्रमाने १५ च्या आसपास आणून काही आठवडे टिकवली तर क्रिप्टोकॅरियॉन बहुधा आटोक्यात येतो, जरी त्याचे काही वाण कमी क्षारतेलाही दाद देत नाहीत. अमायलोओडिनियम मात्र याहूनही कमी क्षारतेत तग धरतो. उतार न पडणे हीदेखील माहिती आहे. तक्त्यात ‘गुण न आल्यास मात्रा दुप्पट करावी’ असे लिहिलेले असते; निदानाची शिस्त ‘गुण न आल्यास रोगाचा पुनर्विचार करावा’ असे सांगते.

९. वेगळ्या घाटाचा एक ग्रंथ

उपचारलेखन निराळ्या रीतीने रचता येते याचा पुरावा म्हणून एडवर्ड नोगा यांच्या ‘फिश डिसीज : डायग्नोसिस अँड ट्रीटमेंट’ या इंग्रजी ग्रंथाचा (प्रथमावृत्ती १९९६, द्वितीयावृत्ती २०१०) उल्लेख करावा लागेल. या ग्रंथाचे वैशिष्ट्य त्यातील माहितीइतकेच तिच्या मांडणीत आहे. नोगा रोगांची विभागणी लक्षणांनुसार किंवा औषधांनुसार करीत नाहीत. रोग कोणत्या तपासणीने ओळखता येतो यानुसार करतात. सर्वप्रथम पाणी तपासण्याच्या साध्या संचाने कळणारे दोष येतात. त्यानंतर बाह्य पाहणी आणि त्वचा-कल्ल्यांच्या ओल्या काचपट्टीवरून कळणारे रोग, मग अधिक सखोल तपासण्या. अनुक्रमणिका हाच येथे युक्तिवाद आहे. वाचकाला पहिल्याच पायरीवर ‘आधी पाणी तपासा’ असे बजावले जाते.

या ग्रंथाला मर्यादाही आहेत. तो पशुवैद्यकासाठी लिहिलेला आहे. वाचकापाशी प्रयोगशाळा आणि औषधे विहित करण्याचा अधिकार असल्याचे तो गृहीत धरतो. त्यामुळे त्याचा शब्दशः अनुवाद मराठी पाळकाच्या कामाचा नाही. तीच गोष्ट पाश्चात्त्य छंदसाहित्याची. त्यात जिवंत प्रवाळांची टाकी गृहीत असते. आपल्याकडे मात्र समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण लाभले आहे. त्यांच्या उपचाराचा प्रश्न येण्याआधी ते घरी बाळगण्याच्या वैधतेचा प्रश्न येतो. आपल्याला अनुवाद नको, अनुक्रम हवा आहे.

१०. संस्था आणि महाविद्यालयांचे दायित्व

केंद्र शासनाने २०१७ मध्ये मत्स्यालये व शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम अधिसूचित केले होते. त्यात अनेक समुद्री जातींच्या विक्रीवर बंधने होती. व्यावसायिकांच्या विरोधानंतर पुढे ते मागे घेण्यात आले. त्या नियमांच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्र विषय आहे. परंतु बंदी आणि मोकळीक या दोन टोकांमध्ये आजारी माशाचे निदान कोणी करावे, हा प्रश्न तसाच राहिला. मुंबईतील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, रत्नागिरीजवळील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, नागपूर व उदगीर येथील मत्स्य महाविद्यालये यांच्याकडे ज्ञान आहे. पण मुळशीतील पाळकाला पिशवीत मरणोन्मुख मासा घेऊन तेथवर जाता येत नाही.

येथे सर्वसाधारण महाविद्यालयांची भूमिका येते. बी. एस्सी.चा प्राणिशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी पॅरामेशियम सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. क्रिप्टोकॅरियॉन आणि ब्रुकलिनेला हे त्याच पॅरामेशियमच्या केसलयुक्त कुळातील आहेत आणि कल्ल्याच्या ओल्या काचपट्टीवर कमी वर्धनशक्तीलाही दिसतात. म्हणजे आवश्यक उपकरण प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात आहे आणि आवश्यक दृष्टी अभ्यासक्रमात आहे. सामू आणि अमोनिया मोजण्याची सोय रसायनशास्त्र विभागात आहे. उणीव आहे ती या तीन गोष्टी जोडणाऱ्या उपक्रमाची. जिवंत माशाचा नमुना प्रशिक्षित व्यक्तीनेच घ्यावा हे खरे. परंतु नुकताच मेलेला मासा, गोठवण्यापूर्वी आणि परजीवी त्याला सोडून जाण्यापूर्वी, तपासणे कोणत्याही प्रयोगशाळेला शक्य आहे. सोबत टाकीच्या पाण्याचा नमुना आणावा एवढीच अट.

मराठी विभागाचेही यात काम आहे. ‘पांढरे ठिपके रोग’ या एका नावाखाली दडलेल्या विकारांना मराठीत वेगवेगळी, कारणसूचक आणि उच्चारसुलभ नावे देणे, तसेच तपासणीचा क्रम प्रश्नावलीच्या रूपात लिहिणे हे परिभाषेचे काम आहे. मासा श्वास कसा घेतो? अमोनिया किती? शेवटचा नवा मासा कधी आणला आणि तो किती दिवस वेगळा ठेवला होता? खुणा मोजता येतात की पसरलेल्या आहेत? असे प्रश्न ज्या पत्रकात औषधाच्या नावाआधी असतील, ते पत्रक तक्त्याहून श्रेष्ठ ठरेल.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. प्रचलित उपचारलेखन निदानपंचकापैकी केवळ रूपाचा स्वीकार करते. हेतू, पूर्वरूप, उपशय व संप्राप्ती यांना त्यात स्थान नाही. गोड्या पाण्यातील सल्ला खाऱ्या पाण्यात आणल्याने तो निरुपयोगीच नव्हे तर अपायकारक ठरतो. रोगक्रमाच्या अज्ञानामुळे निसर्गतः ओसरणाऱ्या चिन्हांचे श्रेय औषधाला मिळते आणि चुकीचा सल्ला पुराव्याचे रूप धारण करतो.

यात पणाला लागलेली गोष्ट हौशी माणसाच्या पैशापुरती मर्यादित नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या प्रयत्नांतून विदूषक माशासारख्या काही जातींचे बंदिस्त प्रजनन साध्य झाले असले, तरी समुद्री शोभिवंत माशांच्या बहुसंख्य जाती आजही प्रवाळखडकांतून पकडूनच आणल्या जातात. चुकीच्या उपचाराने टाकीत मेलेल्या माशाची जागा भरण्यासाठी समुद्रातून दुसरा मासा निघतो. मराठी भाषेत ‘निदान’ या शब्दाला ‘कमीत कमी’ असाही अर्थ आहे. बंदिस्त जिवासाठी पाळकाने कमीत कमी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दातच सामावले आहे : औषधाची बाटली उघडण्यापूर्वी पाणी तपासावे, मासा वेगळा ठेवावा आणि काचपट्टी पाहावी.